शुगरवाल्यांच्या पायाची जखम: दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सर्जिकल दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते, बरीच वर्षं झाली. तासगाव, पलूस, कडेगाव, कधी पार कराडकडच्या गावांतनं पेशंट येतात आणि सोबतची माणसं तेच तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. माझ्या वडिलांना, अण्णांना पण ही जखम झाली होती, एक बोट गेलं, त्यामुळं काही गोष्टी मी जरा जोर देऊन सांगणार आहे. मी डॉक्टर नाही, कुठलं औषध किती दिवस हे डॉक्टरच ठरवतील.

जखम एवढी मोठी आहे तरी दुखत कशी नाही? दुखत नाही म्हणजे बरी होतीय ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त पाय घालवतो. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात, आधी मुंग्या येतात, जळजळ होते, पाय कापसावर पडल्यासारखा वाटतो, आणि मग हळूहळू काहीच कळेनासं होतं. माणसाला वाटतं जळजळ थांबली म्हणजे आराम पडला, पण बऱ्याचदा नस आणखी बधीर झालेली असते. चालता चालता चप्पल पायातनं निसटून मागं राहते आणि माणूस तसाच पुढं जातो, हे ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांनी त्याच आठवड्यात पाय तपासून घ्यावेत.

आमच्या अण्णांच्या गमबुटात चिंचोका गेला होता. सकाळी उसाला पाणी पाजायला गेले, दिवसभर त्याच बुटात सरीनं फिरले, संध्याकाळी मोजा काढला तर रक्तानं भिजलेला. तोपर्यंत काही म्हणजे काही कळलं नव्हतं. असेच मोटारसायकलच्या सायलेन्सरनं भाजलेले, थंडीत शेकोटीजवळ पाय ठेवून भाजलेले, गरम पाण्याच्या पिशवीनं फोड आलेले पेशंट येतात, आणि रात्री झोपेत उंदरानं बोट कुरतडलेलेसुद्धा येतात, सकाळी अंथरुणावर रक्त दिसतं तेव्हा घरात कळतं.

पाय बधीर झालाय का हे घरी बघता येतं का?

येतं आणि पैसे लागत नाहीत. ज्यांचे पाय बघायचे त्यांना डोळे मिटायला सांगा, दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटानं अगदी हलकं एक-दोन सेकंद टेकवा, दाबायचं नाही, चोळायचं नाही, आणि कळलं की उजवा डावा सांगायला लावा. अशा सहा जागा होतात, त्यातल्या दोन किंवा जास्त कळल्या नाहीत तर संवेदना कमी झालीय असं धरा आणि दवाखान्यात दाखवा. तिथं १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणून नायलॉनचा तंतू असतो तो टेकवून आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लावून नीट तपासतात, पाच-दहा मिनिटांचं काम असतं.

साधा काटा लागला होता, एवढं कसं चिघळलं?

काटा लागतो सगळ्यांनाच, पण ज्याला दुखतं तो लंगडत चालतो, त्या जागेवर जोर देत नाही, म्हणून ती भरते. इथं माणूस त्याच जखमेवर दिवसाला हजारो पावलं टाकतो. त्यात अनेकांच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, मग जखमेला रक्तच पुरत नाही, रक्त नाही म्हणजे ऑक्सिजन नाही आणि अँटिबायोटिकसुद्धा तिथवर नीट पोचत नाही. वर शुगर जास्त असली की शरीराच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. आपल्याकडं आणखी एक आहे, अनवाणी चालणं, शेण-माती-पाण्यात काम, आणि दवाखान्यात यायला उशीर, गावात दोन-तीन आठवडे घरगुती उपाय करून मगच पेशंट आमच्यापर्यंत येतो.

एकाच घरचं दुखणं नाही हे. आयसीएमआर म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा जो मोठा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला त्यात देशात १० कोटींच्या वर डायबेटिसचे लोक आहेत असा अंदाज होता, आणि जगभरचे तज्ज्ञ सांगतात की डायबेटिस असलेल्या १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाला अशी जखम होऊ शकते. आपल्या गल्लीत किती घरात शुगर आहे ते मोजून बघा.

सिस्टर, कुठलं मलम लावू म्हणजे लवकर भरेल?

दिवसातनं दहा वेळा हा प्रश्न येतो आणि मला दर वेळी सांगावं लागतं की तळव्याची जखम मलमानं भरत नाही, वजन काढल्यानं भरते. महागडी जेल, चांदीची ड्रेसिंग, परदेशी पट्ट्या, यातलं काहीही लावा आणि त्याच जागेवर उभं राहून चाला, जखम तिथंच राहणार. डॉक्टर मेलेलं मांस आणि कडेचा घट्टा काढतात, सलाईननं धुतात, स्वच्छ ओलसर ड्रेसिंग ठेवतात, पण पुढचं काम त्या जागेवर जोर न पडण्याचं आहे आणि ते पेशंटच्याच हातात आहे.

हे शिकवलं कुष्ठरोग्यांच्या पायांनी, आणि तेही आपल्याच देशात. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४० च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले, तेव्हा लोकांची समजूत होती की महारोग्याचं मांस आपोआप सडतं. त्यांनी बारकाईनं बघितलं तर मांसात तसा दोष काही नव्हता, दुखत नाही म्हणून पेशंट त्याच जागेवर चालत राहायचे आणि जखम व्हायची. पायाला नीट बेतून प्लास्टर घातलं की वर्षानुवर्षांच्या जखमा भरायच्या. पुढं १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला गेले आणि तीच प्लास्टरची पद्धत डायबेटिसच्या पायाला लागू पडली. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात त्याला, आणि तळव्याच्या बधीर जखमेसाठी आजही काढता न येणारं असं प्लास्टर किंवा बूटच सगळ्यात चांगलं मानतात. आपल्याकडं तर याला लागतं काय, प्लास्टर आणि ते नीट घालणारा हात. दोन्ही आपल्याकडं आहेत, तरी लोक हजारो रुपयांची ट्यूब घेतात, वाईट वाटतं खरंच.

मग चालायचंच नाही का? उसाला पाणी कोण पाजणार?

मला कळतंय, रात्रीची लाईट असते, मोटर चालू करायला कुणीतरी जायलाच लागतं, आणि ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा एक दिवस बुडाला तरी घरात चूल पेटायची पंचाईत. तरीपण डॉक्टरांना सरळ सांगा की माझं काम असं असं आहे, काय करता येईल. प्लास्टर जमत नसेल तर गुडघ्यापर्यंतचा काढता येणारा बूट असतो, जखमेच्या आजूबाजूला जाड फेल्ट चिकटवून मधली जागा मोकळी ठेवता येते, कुबड्या, वॉकर. काढता येणाऱ्या बुटाची गोम अशी की माणूस बाहेर जाताना घालतो आणि घरात काढतो, आणि रात्री बाथरूमला जाताना जी पंधरा पावलं अनवाणी पडतात त्यातच आठवड्याची मेहनत जाते. घरातली पावलं पण मोजायची.

एक लक्षात ठेवा, पायाला रक्त कमी असेल किंवा जोराचं इन्फेक्शन असेल तर बंद प्लास्टर चालत नाही, म्हणून ते स्वतःच्या मनानं किंवा हाडवैद्याकडं जाऊन घालू नका.

हळद लावली तर? आपल्या सांगलीची हळद एवढी नावाजलेली आहे.

हळद स्वयंपाकात भरपूर वापरा. उघड्या खोल जखमेत मात्र हळद, चुना, राख, तंबाखू, कॉफी पावडर, झाडपाल्याचा चोथा, यातलं काही भरू नका. ती पूड निर्जंतुक नसते, खाली पू साठतो आणि वरनं खपलीसारखं दिसतं म्हणून घरचे म्हणतात सुकली. आम्ही ती खपली काढली की खालनं वास येतो. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड पण रोज ओतू नका, जंतूंबरोबर नवीन येणारं नाजूक मांसही मारतं. घरी ड्रेसिंग करायला सांगितलं असेल तर हात साबणानं धुवून, मेडिकलमधल्या सलाईननं जखम धुवा, बाटली फोडली की दुसऱ्या दिवसाला ठेवू नका.

आणि कुरूप काढायची पट्टी! तिच्यात ॲसिड असतं, बधीर पायावर चांगल्या कातडीचाही भोसका पाडते. ब्लेडनं घरी कुरूप कापणं तर अजिबातच नको.

इन्फेक्शन झालंय हे कसं ओळखायचं?

लाली, सूज, हात लावल्यावर गरम, ठणका किंवा दाबल्यावर दुखणं, पू. यातली दोन किंवा जास्त दिसली तर इन्फेक्शन धरतात. लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरपेक्षा पुढं सरकली तर प्रकरण वाढलंय. बधीर पायात ठणका जाणवत नाही, म्हणून डोळ्यांनी बघा आणि वास घ्या. बऱ्याच वेळा पहिली खूण पायावर नसते, शुगरच्या मशीनवर असते, तीच गोळी, तेच जेवण आणि शुगर एकदम तीनशे-चारशेवर गेली तर मोजे काढून पाय बघा. आणि जो पाय महिनोन्महिने दुखला नव्हता तो अचानक दुखायला लागला तर आत काहीतरी पसरतंय असं समजा.

थंडी वाजून ताप, बोट काळं किंवा निळं, पाण्यानं भरलेले फोड, सडका वास, कातडीखाली दाबल्यावर चरचर, लाली वर नडगीकडं चढतीय, पेशंट सुस्त. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्री, मोठ्या हॉस्पिटलला. सकाळी बघू म्हणू नका.

मेडिकलमधनं अँटिबायोटिक आणलं तर चालेल का, शेजारच्या तात्यांना त्यानंच फरक पडला होता.

नको. दोन कारणं आहेत. जखमेत इन्फेक्शन नसेल तर अँटिबायोटिकनं ती लवकर भरत नाही, हे जगभरच्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट आहे. आणि इन्फेक्शन असेल तर जंतू कुठला ते महत्त्वाचं. पुस्तकात स्टॅफिलोकोकस नि स्ट्रेप्टोकोकस पहिले लिहिलेले असतात, थंड देशांत ते जास्त सापडतात, पण आपल्या भारतात या जखमांतनं सुडोमोनास, ई कोलाय, क्लेबसिएला, प्रोटियस असे ग्रॅम निगेटिव्ह म्हणतात त्या गटातले जंतूही मोठ्या प्रमाणात निघतात, आणि त्यातले बरेच नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. दाद न देण्याचं एक कारण हेच की तीन गोळ्या तात्यांच्या, दोन मेडिकलवाल्याच्या, फरक वाटला की बंद. पुढच्या वेळी मग महागडी इंजेक्शनं लागतात, ती पण अ‍ॅडमिट होऊन.

पू तपासायला पाठवला होता, तीन रिपोर्टमध्ये तीन वेगळे जंतू आले, असं कसं?

वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे आणि मेलेल्या मांसावरचे सगळेच जंतू येतात. जखम आधी साफ करून खालच्या जिवंत मांसाचा छोटा तुकडा पाठवला तर खरा जंतू कळतो. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी पाठवावा. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, सर कल्चरला, म्हणजे जंतू तपासायला, खालचा तुकडा पाठवताय ना, एवढंच विचारा.

हाडापर्यंत गेलंय म्हणाले. एक्सरे तर नॉर्मल आलाय.

एक्सरेमध्ये हाडाचा बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून पहिल्या एक्सरेवर निर्धास्त होऊ नका. डॉक्टर निर्जंतुक बोथट सळई जखमेत हलकेच घालून बघतात, टक करून हाडाला लागली तर हाडात इन्फेक्शन असायची शक्यता बरीच वाढते. मग एक्सरे परत, कधी एमआरआय. मांसापुरतं इन्फेक्शन असेल तर अँटिबायोटिक साधारण एक ते दोन आठवडे, हाड न काढता हाडाचं बरं करायचं असेल तर सहा आठवड्यांपर्यंत. मधेच सोडू नका ओ, चौथ्या आठवड्याला पू बंद झाला म्हणून लोक सोडतात.

बोट काढावं लागेल म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का?

दाखवा, पण त्याच दोन दिवसांत. आमच्याकडनं इथंच चूक झाली. एका ठिकाणी अण्णांना नुसती ड्रेसिंग करत तीन आठवडे फिरवलं, पायाचं रक्त कुणी तपासलंच नाही, मग करंगळी काळी पडली तेव्हा काढायची म्हणाले, अण्णा म्हणाले न्हाई मी असाच मरंन पण बोट देणार न्हाई, आम्ही पण त्यांच्या भीडेनं अजून आठ दिवस गप्प बसलो. शेवटी करंगळी गेली आणि तिच्या मागचं हाडही थोडं गेलं. मी स्वतः हे काम करत असून घरच्या माणसाला लवकर उचलून नेता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या डॉक्टरला एकच प्रश्न नक्की विचारा: पायातला रक्तपुरवठा तपासलाय का? घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागतात, ०.९ पेक्षा कमी आला तर रक्तवाहिनी अरुंद आहे, पण डायबेटिसवाल्यांच्या नळ्या चुन्यासारख्या कडक झालेल्या असतात म्हणून आकडा खोटा चांगला येऊ शकतो, तेव्हा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. हृदयाची करतात तशी पायाची पण अँजिओप्लास्टी होते, आणि आधी रक्त आणून मग कापलं तर कमी कापावं लागतं. मात्र आत पू भरलाय, विष अंगात चढतंय असं सांगितलं तर पू मोकळा करायला थांबू नका, ते ऑपरेशन पाय वाचवायचंच असतं.

किती दिवसांत भरेल?

महिने लागतात, मनाची तयारी ठेवा. आम्ही पहिल्या दिवशी पट्टीनं लांबी-रुंदी मोजून लिहितो, तुम्ही मोबाईलवर दर आठवड्याला एकाच अंतरावरनं फोटो काढा. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर काहीतरी राहतंय, वजन निघत नाहीये, रक्त कमी आहे किंवा हाड खराब आहे, आणि तेव्हा मलम बदलत बसण्यापेक्षा हे तिन्ही परत तपासायला सांगा.

पथ्य काय? आंबट आणि वांगं बंद केलंय.

आंबटानं पू होत नाही. गावाकडं जखमवाल्याचं सगळंच बंद करतात, डाळ नको, अंडं नको, दही नको, नुसती भाकरी आणि चटणी. मांस भरून यायला प्रोटीन लागतं, म्हणून डाळ, मटकी, अंडी, दूध, मासे द्या, किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून. इन्सुलिन सांगितलं तर घ्या, एकदा घेतलं की कायमचं लागतं या भीतीनं नाही म्हणू नका, बऱ्याच जणांचं जखम भरल्यावर कमी किंवा बंदही होतं. बिडी-सिगारेट बंद, तंबाखू आणि मिसरी पण, आमच्या कितीतरी काकू आणि आक्का मिसरी तंबाखूत धरतच नाहीत, पण ती तंबाखूच आहे.

जखम नाही, पण एक पाय सुजलाय, लाल आणि गरम आहे, दुखत फारसं नाही.

लगेच दाखवा आणि तोपर्यंत पाय टेकू नका. बधीर पायात हाडं आतल्या आत मोडून सांधे ढासळतात, शार्को फूट म्हणतात. चालत राहिलं तर पायाची कमान बसते आणि मग तळव्याला कायमची जखम होते. पुष्कळदा हे मुरगळलं म्हणून चोळलं जातं.

चिखल्या झाल्यात, त्याचं काय एवढं?

ज्यांना शुगर नाही त्यांना काही नाही, तुम्हाला आहे. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फाटते आणि जंतूंना दार मिळतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा लोक दिवसेंदिवस ओल्या पायानं होते, पाणी ओसरल्यावर घर धुवायला पुन्हा त्याच चिखलात, आणि त्यानंतरचे कितीतरी आठवडे आमच्याकडं बेचक्यातनं सुरू झालेल्या जखमा येत होत्या. पाय धुतले की बेचकी मऊ फडक्यानं कोरडी करा. तेल किंवा व्हॅसलीन भेगांना टाचेवर लावा, बेचक्यात नको.

देवाला चप्पल घालून कसं जायचं?

मी देवाधर्माच्या आड येत नाही, आमच्या घरातही वारी आहे. पण चैत्रात शिखर शिंगणापूरला तापलेल्या दगडावर किंवा लोणंद-फलटणच्या डांबरी रस्त्यावर बधीर पाय भाजतो आणि मुक्कामाला पोचल्यावर फोड दिसतो. नवस अनवाणीचा असेल तर घरच्या मोठ्यांशी, पुजाऱ्यांशी बोला, मार्ग निघतो. देवळात जाताना स्वच्छ जाड मोजे घाला, दुपारची वेळ टाळा, वारीत रोज मुक्कामाला पाय धुवून दुसऱ्या कुणाला तरी तळवे बघायला लावा.

खर्च झेपत नाही.

मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, सांगलीचं सिव्हिल, साताऱ्याचं सिव्हिल, इथं जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जे हॉस्पिटल असतं तिथं आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच त्यांना भेटा आणि आपलं ऑपरेशन बसतं का विचारा. दागिना मोडायच्या आधी हे करा.

जखम भरली. आता पूर्वीसारखं चालू का?

हळूहळू. भरलेली कातडी नवी असते, आणि जखम बरी झालेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना वर्षाच्या आत परत होते. कोल्हापुरी किंवा अंगठ्याची चप्पल नको, मागं पट्टा असलेली, आत मऊ एमसीआर रबर असलेली घ्या, कुष्ठरोगाच्या कामातनंच ती आपल्याकडं रुळली. नवीन चप्पल संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि काढून लाल झालंय का बघा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा नाहीतर नातवाला बघायला सांगा, मुलं फार बारीक बघतात. अण्णा अजून शेतात जातात, बूट उलटा करून दोनदा आपटतात आणि आत हात फिरवून मगच पाय घालतात. दवाखान्यात पाय दाखवायला दर एक ते तीन महिन्यांनी यायचं, काही दुखत नसलं तरी.